लगडीच्या पाठीवर दर वेळी फोड का येतो?

ओतताना सगळं नीट झालेलं असतं. मुशीतला, म्हणजे वितळवायच्या भांड्यातला, चांदीचा रस एका धारेत रेज्यात, म्हणजे लगडीच्या साच्यात, उतरतो, कडेपर्यंत सपाट पसरतो, वरची पाठ आरशासारखी लखलखते. आपण मूस खाली ठेवतो. कडा थिजायला लागतात, थिजण्याची रेषा मधे सरकत येते, शेवटी रुपयाएवढा ओला भाग उरतो आणि तोच अचानक फुगतो. पेजेवरचा बुडबुडा फुटावा तसा फुटतो, आतून रसाचे दोन-चार बारीक थेंब उडतात, आणि जिथे गुळगुळीत पाठ असायला हवी तिथे ओठ उलटलेला खड्डा उरतो. शेजारच्या विटेवर मोहरीएवढे चांदीचे मणी सापडतात.

मी घरी ओतलेल्या पहिल्या अकरा लगडींपैकी नऊ अशा निघाल्या. बहुतेक वेळी शंभर ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदीचे दाणे, छोटी गॅसची भट्टी, मातीची मूस, लोखंडी रेजा. दर वेळी मी काही ना काही बदलत होते आणि फोड येतच होता. हे लिहिण्याचं कारण एवढंच, की नव्याने ओतायला लागलेल्या बहुतेकांना हा फोड भेटतो, आणि बहुतेकजण मी ज्या चुकीच्या दिशेने गेले त्याच दिशेने जातात.

आधी काय काय करून पाहिलं ते सांगते. वाटलं रेजा गार आहे, म्हणून तो जास्त तापवला. मग वाटलं रस गार आहे, म्हणून भट्टी आणखी दहा मिनिटं चालू ठेवली. नवी मूस आणली. टाकणखार, म्हणजे रसावरची घाण ओढून घेणारा बोरॅक्स, वाढवला. आणि सगळ्यात मोठी चूक: चांदीतच घाण आहे असं धरून, ती साफ करायला चिमूट चिमूट सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, टाकायला सुरुवात केली. त्यानंतरच्या तीन लगडींना आधीपेक्षा मोठे खड्डे पडले.

एक खूण मात्र पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती आणि ती मी वाचली नाही. अकरातल्या ज्या दोन लगडी नीट निघाल्या, त्या दाण्यांच्या नव्हत्याच. त्या तुटक्या पैंजणांच्या आणि एका चेपलेल्या वाटीच्या होत्या. हलक्या टंचाची, म्हणजे कमी शुद्धतेची, चांदी चांगली येते आणि शुद्ध चांदी फुटते, हे उलटंच वाटत होतं.

खड्डा कुठे पडला आहे ते आधी पाहा

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेलेली आहेत. भारतातल्या सराफ बाजारांत गलाईचं दुकान शोधलं तर पुष्कळदा आत सांगलीकडची मराठी ऐकू येते. माझ्या थोरल्या मामाने तिकडे दक्षिणेत तीस वर्षं गलाई केली. दिवाळीत त्याच्यासमोर मी माझ्या फुटक्या लगडी मांडल्या. मला वाटलं तो भट्टी कशी आहे, मूस कुठली आहे ते विचारेल. त्याने पहिली लगड उचलली, उलटी केली, पोटाकडून अंगठा फिरवला, परत सुलटी केली आणि बाजूला ठेवली. सगळ्यांना तसंच केलं.

“पोटाला एक बी खड्डा न्हाई,” तो म्हणाला. “सगळं पाठीवर. रेज्याला कशापायी दोष देतीस? चांदीनं वारं गिळलंय, आन् थिजताना वकलंय.”

या एका वाक्यात निदान पूर्ण होतं. खड्डे सगळे सारखेच दिसतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती खड्ड्याच्या जागेवरून ओळखता येतात. पाठीवर, शेवटी थिजलेल्या जागी, ओठ बाहेर उलटलेला खड्डा असेल तर वायू चांदीच्या आतूनच आलेला आहे. पोटाला किंवा बगलेला, रेज्याला टेकलेल्या बाजूला गोल गुळगुळीत खळगे असतील तर ते रेज्यातून आलेत. पाठीवर मधोमध नुसता खोलगट दब असेल, फुटलेला नसेल, कडा आत गेलेल्या असतील, तर तो वायूच नाही, चांदी आकसल्याचा तो खळगा. आणि खड्ड्याच्या तळाशी काचेसारखा चमकणारा हिरवट किंवा पारदर्शक खडा दिसला तर तो टाकणखार आहे. म्हणून लगड गार झाल्यावर भट्टीकडे वळण्याआधी ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी उजेडात पाहा. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर पाच महिने वाचले असते.

चांदी वारं गिळते म्हणजे काय

चांदी ९६१.८ अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषते, आणि थोडाथोडका नाही, तर स्वतःच्या आकारमानाच्या वीसपटीपर्यंत शोषू शकते. घट्ट चांदीत मात्र त्या ऑक्सिजनला जागाच नसते. त्यामुळे रस थिजायला लागला की ऑक्सिजनला बाहेर पडावं लागतं.

तो शेवटच्या रुपयाएवढ्या भागातच का फुटतो, हे समजायला फ्रिजमधला बर्फाचा खडा पाहावा. कडा काचेसारख्या स्वच्छ आणि मधला गाभा पांढुरका असतो. पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यात विरघळलेली हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी गोठणाऱ्या गाभ्यात बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. लगडीतही हेच होतं. कडा थिजतात, त्यांच्यातला ऑक्सिजन उरलेल्या रसात ढकलला जातो, उरलेला रस कमी कमी होत जातो आणि त्यातला ऑक्सिजन दाटत जातो. वर पातळ साय धरलेली असते. शेवटी ती साय फोडून वायू बाहेर पडतो, सोबत रस उडवतो. लगड मोठी आणि जाड असेल तर हा उद्रेक चांगला दोन-तीन इंच उडतो, म्हणून ओतल्यावर वाकून बघू नका.

आता पैंजणांचं कोडं सुटतं. दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं. रसात शिरलेला ऑक्सिजन तांब्याशी बांधला जातो, त्याचं ऑक्साइड होतं, आणि वायू म्हणून बाहेर पडायला फारसं काही उरत नाही. शुद्ध चांदीत त्याला बांधून ठेवणारं कोणीच नाही. म्हणजे चांदी जितकी चोख, तितका फोड मोठा. नवशिक्याला बहुधा वाटतं की फोड आला म्हणजे चांदी भेसळीची. तसं मुळीच नाही. उलट तुमचे दाणे शुद्ध असल्याची ती खूण आहे, आणि ज्याच्याकडून दाणे घेतले त्याच्याशी भांडायला जाण्याआधी हे लक्षात असू द्या.

सोऱ्याचंही उत्तर इथेच आहे. सोरा तापला की ऑक्सिजन सोडतो. तांब्यासारख्या हलक्या प्रतीच्या धातूंचं ऑक्साइड करून ते वर काढण्यासाठी गलाईत तो वापरतात, आणि तिथे त्याचं काम चोख होतं. पण मी तो आधीच शुद्ध असलेल्या चांदीत टाकत होते. जाळायला हलका धातू नव्हताच, त्यामुळे मी चांदीला चमच्याचमच्याने ऑक्सिजन पाजत होते. शुद्ध दाणे ओतायचे असतील तर सोरा घरात आणूच नका. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पुढे मी मुशीत कोळसा टाकायला सांगणार आहे, आणि सोरा आणि कोळसा एकत्र म्हणजे दारूगोळ्याची सामग्री. ज्या मुशीत कधी सोरा टाकला होता तीत कोळसा टाकू नका. ती मूस टाकून द्या, नवी घ्या.

आता मी काय करते

मूळ उपाय दोनच: चांदीला ऑक्सिजन मिळू द्यायचा नाही, आणि जो गेलाच असेल तो ओतण्याआधी काढून घ्यायचा.

पहिली गोष्ट ज्योत. माझ्या छोट्या भट्टीला ब्लोअर आहे, आणि लवकर वितळावं म्हणून मी तो पूर्ण सोडत असे. ज्योत निळी, आखूड, घुं घुं आवाज करणारी. तिच्यात गॅस जाळून उरलेली हवा भरपूर असते आणि ती थेट रसावरून वाहते. आता चांदी वितळायला लागली की ब्लोअर कमी करते, इतका, की भट्टीच्या तोंडातून मऊ पिवळट जीभ बाहेर डोकावते. ती जीभ दिसली म्हणजे आत हवा अपुरी आहे, गॅसच वरचढ आहे, आणि आपल्याला तेच हवं आहे. अशा ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून हे काम बंद खोलीत, गॅलरीत काचा लावून, किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात कधीही करू नये. मी गावाकडच्या घराच्या मागे, तिन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याखाली करते. सिलिंडरही वेगळा आहे. घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो, या कामासाठी पाच किलोचा छोटा मिळतो तो घ्यावा.

दुसरी गोष्ट कोळसा. बाभळीच्या कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे करते, एका लोखंडी वाटीत ते लाल होईपर्यंत भाजते आणि झाकण ठेवून गार करते, म्हणजे त्यातला ओलावा जातो. रस पूर्ण झाला की त्यावर हे तुकडे एका थरात पसरते. कोळसा रसातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वायू होऊन निघून जातो, वरून नवा ऑक्सिजनही येऊ देत नाही. कार्बन चांदीत जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे लगडीत मागे काही राहत नाही. चार-पाच मिनिटं तशीच ठेवते. मधे एकदा कोरड्या ग्राफाइटच्या कांडीने तळापासून हलवते, म्हणजे खालचा रसही कोळशाला लागतो. कोळशाची पूड वापरू नका. मी वापरली होती. ती ओतताना धारेबरोबर रेज्यात गेली आणि लगडीच्या पोटात काळे ठिपके बसले. तुकडे मोठे असले की मुशीच्या ओठाशी कांडी आडवी धरून अडवता येतात.

ग्राफाइटची मूस असेल तर अर्धं काम तीच करते. ती स्वतः हळूहळू जळते आणि आसपासचा ऑक्सिजन खाते. मातीच्या मुशीकडून ते होत नाही. मी आता ग्राफाइटवर आले आहे. माती वापरणाऱ्याने कोळसा टाळू नये.

तिसरी गोष्ट वेळ. चांदी वितळून तयार झाल्यावर ‘आणखी जरा तापू दे’ म्हणत तिला उघडी ठेवण्याने फायदा काहीच होत नाही. १०४० ते १०८० अंशांत ओतावं. उष्णतामापक बंदूक लखलखीत रसावर चुकीचं, बरंच कमी तापमान दाखवते, तिच्यावर विसंबून मी चांदी उगाच तापवत राहिले होते. मुशीत बुडणारा थर्मोकपल (तापमान मोजणारी कांडी) नसेल तर ग्राफाइटच्या कांडीने बघावं: रस कांडीला न चिकटता पाऱ्यासारखा पळतो, तळाशी बोळा लागत नाही, पृष्ठभाग डोळ्यांत खुपेल इतका लखलखीत असतो, की झालं.

चौथी गोष्ट मामाने हाताला धरून शिकवली आणि माझ्या लगडींत सगळ्यात मोठा फरक तिने पडला. हातातल्या गॅसच्या टॉर्चची मऊ, पिवळट ज्योत आधी रिकाम्या रेज्यावर धरायची. मूस कलती केली की ती ज्योत धारेवरून हलू द्यायची नाही. धार संपली तरी टॉर्च बाजूला ठेवायची नाही. ज्योत लगडीच्या पाठीवर हळूहळू फिरवत राहायची. पाठ ओली राहते, थिजणं खालून वर होतं आणि उरलासुरला वायू साय न फोडता निघून जातो. कडा मंद झालेल्या दिसतात, मधला भाग मात्र डोळ्यासारखा चमकत असतो. तो डोळा लहान लहान होत मिटला की ज्योत तीन-चार सेकंद तशीच ठेवून मग उचलायची. दोन हात लागतात. पहिल्या पाच-सहा वेळा मूस धरायला आणि टॉर्च धरायला वेगळी माणसं असावीत. माझ्याकडे मामा होता.

असं पहिल्यांदा ओतलं त्या संध्याकाळी तो डोळा मिटेपर्यंत मी श्वास रोखून होते. मिटला. फुगलं नाही, फुटलं नाही. पाठीवर बोटाच्या ठशासारख्या बारीक लाटा तेवढ्या राहिल्या होत्या.

पोटाला खड्डे असतील तर

हे कोळशाने जाणार नाहीत. पोटाचा खळगा म्हणजे रेज्यात काहीतरी होतं, ज्याची वाफ किंवा धूर झाला: ओलावा, तेल, नाहीतर गंज. लोखंडी रेज्याला आतून तेलाचं बोट फिरवायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, फक्त बोट म्हणजे बोटच. तेल कोपऱ्यात साचलं की रस त्यावर पडताच त्याचा धूर होतो आणि धूर रसाखाली अडकतो. तेल लावून, तापवून, ते धुरकट कोरडं झाल्यावरच ओतावं. मला तेलापेक्षा दिव्याची काजळी बरी वाटते. वातीवर रेजा धरून आतून एकसारखा काळा थर घ्यायचा. तोही पातळच.

रेजा २०० ते २५० अंशांपर्यंत तापलेला असावा. काळ्या, काजळी धरलेल्या लोखंडावर किंवा ग्राफाइटवर बंदूक बरोबर तापमान दाखवते, तिचा उपयोग इथे करा. रेजा गरम आहे का हे बघायला पाण्याचा थेंब टाकण्याची सवय कुणाला असेल तर ती सोडा. ओतण्याच्या जागेपासून दहा फुटांत पाणी नको. रसाखाली पाण्याचा एक थेंब सापडला तर क्षणात त्याची वाफ होते आणि सगळा रस अंगावर उडतो. ओल्या सांडशीने, गार दमट रेज्याने, पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या मुशीने हेच होतं. सिमेंटची जमीनसुद्धा ओलावा धरते. तिच्यावर रस सांडला तर काँक्रीटचे कपरे उडतात. भट्टी आणि रेजा कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या ट्रेमध्येच ठेवा.

काचेसारखे खडे बसले असतील तर टाकणखार जास्त झाला आहे. बाजारातल्या टाकणखारात वजनाच्या जवळपास निम्मं, सुमारे ४७ टक्के, पाणीच असतं. म्हणून तो मुशीत टाकला की फुगून वर येतो आणि ओठावरून सांडतो. आजी तोंड आल्यावर मधातून द्यायची ती टाकणखाराची लाही आठवते? तशीच लाही जुन्या तव्यावर करून घ्यायची (तो तवा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही), कुटून ठेवायची आणि शंभर ग्रॅमला दोन चिमटी पुरे. बसलेले खडे गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून लगड त्यात ठेवली की हळूहळू सुटतात.

मधला दब

फोड गेल्यावर मला दब दिसायला लागला. आधी फोडाखाली तो झाकला जात असे. वितळलेल्या चांदीची घनता ९.३ च्या आसपास, गार घट्ट चांदीची १०.४९. म्हणजे रसाचं गार लगडीत रूपांतर होताना आकारमान सुमारे ११ टक्के घटतं, आणि ही घट जिथे शेवटी थिजतं तिथे दिसते. थोडा दब राहणारच. तो दोष मानू नका, हाताने ओतलेल्या लगडीची ती ओळख आहे. पण दब खोल, चिरेसारखा आत गेलेला असेल तर आत पोकळी आहे. वरून ज्योत धरून थिजणं खालून वर होऊ दिलं की तो उथळ होतो. फार तापलेला रस जास्त आकसतो, हे आणखी एक कारण चांदी उगाच न तापवण्याचं. बगलेच्या लाटा आणि घड्या म्हणजे रेजा गार किंवा धार तुटक. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आत लपलेली पोकळी पाहायची सोपी रीत आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी लगड कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. लगड बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत धरा, तळाला आणि काठाला टेकू देऊ नका, अंगावरचे बुडबुडे दोऱ्याला हलकेच झटका देऊन काढा. आता काटा जे दाखवतो ते लगडीचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. वजनाला त्याने भागा. माझी एक देखणी दिसणारी लगड १०२.४० ग्रॅम होती. शुद्ध आणि भरीव असती तर काट्याने ९.७६ दाखवायला हवं होतं. दाखवलं १०.३१. म्हणजे घनता ९.९३, जवळजवळ पाच टक्के पोकळ. करवतीने मधे कापली तर आत तिळाएवढी भोकं, स्पंजासारखी. फोड बाहेर फुटला नव्हता एवढंच, वायू आतच अडकला होता. तेव्हापासून मी प्रत्येक लगड पाण्यात तोलते. मिश्र चांदीला हा आकडा लागू नाही हे ध्यानात ठेवा. ९२.५ टंचाच्या चांदीची घनता मुळातच कमी, सुमारे १०.३६ आहे.

काय वितळवू नये

पैंजणांच्या दोन लगडी छान निघाल्या असं वर लिहिलं, म्हणून कुणी मोड, म्हणजे जुने तुटके दागिने, गोळा करायला लागू नये. ती माझी चूकच होती. दागिन्यांच्या डागात, म्हणजे जोडकामाच्या झाळात, कॅडमियम असू शकतं. सोन्यातला ‘केडीएम’ हा शब्द तिथूनच आला. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, जस्त ९०७ ला. म्हणजे चांदी वितळायच्या आधीच त्यांचा धूर झालेला असतो. जस्ताच्या धुराने ताप आणि हुडहुडी भरते. कॅडमियमचा धूर फुप्फुसांचं कायमचं नुकसान करतो, जीवही घेऊ शकतो, आणि श्वासात ओढताना त्रास जाणवेलच असं नाही. मोड गलाईच्या दुकानात द्या, बदल्यात चोख दाणे घ्या.

जुने रुपये तर मुळीच आटवू नका. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, जवळपास ९१.७ टक्के चांदीचा. नाणं म्हणून त्याची किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त येऊ शकते, आणि एकदा आटवलं की ते पुन्हा होत नाही. १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे आहेत, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. त्यांची लगड ना चांदीची ना धड कशाची, वर जस्ताचा धूर. माझ्या शेजारच्या गावात एकाने आजोबांची पुरचुंडी अशीच मुशीत टाकली. त्या आठवणीने अजून वाईट वाटतं.

अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्या, चामड्याचे बूट आणि हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, केस बांधलेले. ओढणी नको. नायलॉन अंगावर वितळून चिकटतो.

फुटलेल्या लगडींचं काय करायचं, असं विचाराल तर काही वाया गेलेलं नाही. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात उकळून, टाकणखाराचे खडे काढून, नीट वाळवून परत मुशीत. खड्ड्यांत पाणी राहतं, म्हणून उन्हात वाळल्यासारखी वाटली तरी मूस गार असतानाच लगड तीत ठेवा आणि मग भट्टी पेटवा. रसात वरून कधी सोडू नका. विटेवर उडालेले मणीही वेचून घ्या. माझ्या नऊ लगडी मी अशाच एकेक करून पुन्हा ओतल्या, कोळसा पसरून, ज्योत शेवटपर्यंत धरून. आठ भरीव आल्या, पाण्यात तोलून १०.४ च्या वर. नवव्या लगडीला डोळा मिटायच्या आत मी टॉर्च उचलली होती. तिच्या पाठीवर मुगाएवढा फोड आहे, आणि पुढच्या शनिवारी ती परत मुशीत जाईल.